जैतूला न जमणारा गियर

दि. २२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. सहायक प्रादेशिक परिवहन अधिकारी साहेब,
उपप्रादेशिक परिवहन कार्यालय, कल्याण
(मार्फत : तालुका शिबिर, शहापूर)

अर्जदार : जनी धर्मा वेखंडे, वय ५६, धंदा शेती, रा. कुंभाचीवाडी, पो. खर्डी, ता. शहापूर, जि. ठाणे

विषय : पिकअप गाडीचा ऑटोमॅटिक गियर काढून हाताचा गियर बसवला असून तो कायम ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच जैतू गणा वेखंडे यास सदर गियर चारचौघांत चालवून दाखवण्यास भाग पाडणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. ११ डिसेंबरची नोटीस, "वाहन पंधरा दिवसांत मूळ स्थितीत आणावे, अन्यथा नोंदणी निलंबित करण्यात येईल."

महोदय,

उपरोक्त नोटीस अर्जदारास पोहोचली, तिने ती दोनदा वाचली, देवापुढे ठेवली आणि तिसऱ्या दिवशी उत्तर द्यायला बसली. ते उत्तर खालीलप्रमाणे सादर आहे.

१) अर्जदार चौथी शिकलेली असून तिला वाचता येते व सही करता येते. मात्र सरकारी मराठी तिच्या जिभेवर बसत नाही. म्हणून ती सांगत गेली आणि हर्षाली जैतू वेखंडे (बी.ए., दुसरे वर्ष) हिने हा अर्ज लिहिला. नावावरून साहेबांच्या ध्यानात आलेच असेल की, ज्याच्याविरुद्ध हा अर्ज आहे त्या जैतूचीच ही मुलगी, आणि अर्जदार तिची सख्खी चुलती. पहिल्या मसुद्यात लिहिणारीने वडिलांच्या नावामागे 'श्री.' लावले होते. अर्जदाराने ते बोटाने दाबून धरले व विचारले, "काढ तो श्री. माझा बैल इकताना मला इचारलं व्हतं का त्यानं?" सबब श्री. काढण्यात आले आहे. यापुढे जैतूचा उल्लेख एकेरीतच येईल. तो अर्जदाराचा समजावा, अक्षर तेवढे लिहिणारीचे.

२) सदर पिकअप अर्जदाराच्या नावावर आहे. अर्जदाराचे मालक (पती) धर्मा वेखंडे वारल्यानंतर भेंडी-काकडी बाजारात न्यायला दर खेपेला कुणा तरी टेम्पोवाल्याच्या विनवण्या कराव्या लागत. तीन वर्षांमागे मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवाल्याने आपली हौसेची पिकअप विकायला काढली, तेव्हा अर्जदाराने गळ्यातली बोरमाळ मोडून ती घेतली. पसंती मात्र जैतूची. गाडी ऑटोमॅटिक होती, आणि जैतूने अर्जदारास समजावले ते असे : "वहिनी, हिच्यात क्लच नाय, गियर नाय. तुमी नुस्तं बसायचं, गाडी आपोआप चालते. बायामानसांसाठीच हाय समजा." अर्जदाराला ते खरे वाटले. त्यानंतर दोन वर्षे ती गाडीत बसली खरी, पण मागे, काकडीच्या क्रेटवर. चावी जैतूच्या करगोट्याला. आज चिखल हाय, आज रस्त्याला पोलीस हायत, आज तुमचं डोकं दुखतंय वहिनी, अशी रोज नवी सबब. स्वतःच्या गाडीचे स्टिअरिंग अर्जदाराने दोन वर्षांत फक्त पुसले.

३) अर्जदाराकडे चांद्या नावाचा बैल होता. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांद्या. तो आठ दिवसांचा असताना गाय गेली, तेव्हा अर्जदाराने त्याला पेज पाजून वाढवला. रोज सकाळी अर्धी नाचणीची भाकरी हातात धरून तिने "च्यो च्यो" केले की तो गोठ्यातून दाव्यासकट ओढ घ्यायचा. दुसऱ्या कुणाच्या हाताने तो भाकरी खात नसे. त्याचा जोडीदार साप चावून गेला. तेव्हापासून जैतूचे सुरू झाले की एकट्या बैलाचा काय उपयोग, नुसता खाऊन बसतोय. अर्जदाराचे म्हणणे, बसू दे, माझं खातोय, तुझं नाय.

४) गेल्या पौष महिन्यात मुरबाडजवळच्या म्हसा गावी, म्हशाच्या जत्रेचा बैलबाजार भरला होता. अर्जदार सकाळी वालाच्या शेतावर होती. जैतूने पिकअप गोठ्याला उलटी लावली. चांद्या चढेना. शेपूट पिरगळून झाले, शेजारच्या दोघांनी मागून रेटून झाले, चांद्या चारही पाय रोवून उभा. मग जैतूने दोरीवर वाळत घातलेले अर्जदाराचे लुगडे काढून खांद्यावर घेतले, तिच्या शिबड्यातली (टोपलीतली) नाचणीची भाकरी उचलली, गाडीच्या हौद्यात उभा राहिला आणि तोंडाने "च्यो च्यो" केले. चांद्या चढला. तो दिवस मावळायच्या आत म्हशाला विकला गेला.

लिहिणारी त्या वेळी दारात उभी होती. तिने सगळे पाहिले व ती काही बोलली नाही. हे वाक्य अर्जदाराने सांगितलेले नाही. लिहिणारीने ते स्वतःच्या जबाबदारीवर घातले आहे.

५) अर्जदार संध्याकाळी घरी आली तेव्हा दावे रिकामे होते आणि लुगडे गाडीच्या हौद्यात शेणाने भरलेले पडले होते. तिने जैतूला बैल कुठे आहे म्हणून विचारले. जैतू बंडी झटकत हसला आणि म्हणाला, "गाडी आपोआप चालते ना वहिनी, तसा बैलबी आपोआप चढला." त्याने पुढे केलेल्या नोटा अर्जदाराने उंबऱ्यावरून पायाने बाहेर सरकवल्या. गावच्या तंटामुक्तीकडे गेली, तर चार शहाणे म्हणाले, दीर हाय, चोर नाय, घरची बाब घरात मिटवा. साहेब, घरात मिटवायची तर घरातच मिटवायची, असे अर्जदाराने त्याच दिवशी मनात धरले. तिला जैतूला पोलिसात द्यायचे नव्हते. त्याला मारायचेही नव्हते. "आपोआप" हा त्याचा शब्द तिला त्याच्या घशात घालायचा होता. हे ती लपवत नाही आणि लिहिणारीनेही लपवू नये अशी तिची सक्त ताकीद आहे.

६) आता मूळ मुद्दा. जैतू आठ वर्षे भिवंडीला होता व तिथे आपण टेम्पो चालवत होतो असे त्याने अख्ख्या गावाला सांगून ठेवलेले. गावात मोठा ड्रायव्हर म्हणून त्याचा मान. लग्नात नवरदेवाच्या शेजारची खुर्ची त्याला. परंतु चैत्रात गावातल्या एका हळदीच्या मांडवाआड टेम्पो उभा होता, त्याचा ड्रायव्हर जेवायला गेलेला, तेव्हा सगळे जैतूला म्हणाले, जरा बाजूला घे. जैतूने डावा गुडघा धरला. कळ आली म्हणाला, क्लच दाबवत नाय. लोकांनी टेम्पो ढकलून बाजूला केला. त्याच संध्याकाळी बेंजो सुरू झाल्यावर जैतू त्याच गुडघ्यावर दीड तास नाचला. बाकीचे टाळ्या पिटत होते. अर्जदार हळदीचे ताट घेऊन उभी होती आणि गुडघा बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने भिवंडीतल्या नात्यातल्या माणसाकडे चौकशी केली. जैतू तिथे टेम्पोत माल चढवायला होता. माल चढवण्यात काही कमीपणा नाही, असे अर्जदाराचे मत आहे. तिने स्वतः जन्मभर डोक्यावर भारे वाहिले. पण गियरच्या गाडीचा दांडा जैतूने कधी हातात धरलेला नाही, ही गोष्ट तिला पक्की कळली, आणि त्या दिवशी ती भाकरी पोटभर जेवली.

७) मग अर्जदाराने शहापूरला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. वर्गात ती एकटीच नऊवारीतली. तिथली शिकवायची गाडी गियरची, त्यामुळे अर्जदार शिकली ती गियरवरच. पहिले पंधरा दिवस गाडी उड्या मारत होती. नंतर पाय बसला. परवाना मिळाल्यावर तिने जैतूच्या करगोट्यावरून चावी मागून घेतली व आपली ऑटोमॅटिक पिकअप चालवायला काढली. शिकलेल्या सवयीने तिचा डावा पाय क्लच शोधायचा. ऑटोमॅटिकमध्ये डावीकडे असतो ब्रेक. किन्हवली रस्त्याला तिने क्लच समजून ब्रेक पूर्ण दाबला, गाडी जागच्या जागी थटली आणि भेंडीचे दोन क्रेट बोनेटवरून रस्त्यावर गेले. सदर बाब सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत गंभीर असून हेच गियर बदलण्याचे पहिले कारण आहे. ते खरे आहे. दुसरे कारण कलम ५ मध्ये आले आहे. तेही खरे आहे, आणि दोन्हींपैकी कुठले मोठे असे साहेबांनी विचारलेच, तर अर्जदार दुसरे सांगेल.

८) भात झोडून झाल्यावर, जैतू बायकोच्या माहेरी गेलेला पाहून, अर्जदाराने गाडी मुरबाड रस्त्याच्या देवराम मिस्त्रीकडे नेली. देवरामने आधी हात जोडले. म्हणाला, "आजी, लोक गियरची गाडी देऊन ऑटोमॅटिक घेतात, तुमी उलटी गंगा कुठं नेता?" अर्जदाराने त्याला चांद्याची हकिगत सांगितली. देवरामकडे स्वतःच्या दोन म्हशी आहेत. त्याने हात सोडले व कामाला लागला. ह्याच जातीची एक अपघातातली गियरची पिकअप भंगारात होती. तिचा गियरबॉक्स, क्लच, तीन पेडलांची चौकट, सगळे रीतसर पावतीने घेऊन बसवले. गाडीच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरलाही समजावून घेतले. इंजिन नंबर, चासी नंबर यांना हात लावलेला नाही. अकरा दिवस लागले. गाडी घरी आणून अर्जदाराने अंगणात लावली, चावी मुद्दाम खुंटीला टांगली आणि ती वाट बघत बसली.

९) जैतू आला तो मुरबाडला एका हळदीला जायच्या घाईत. नवा शर्ट, डोळ्याला काळा चष्मा, मागे हौद्यात नटलेले सात पाहुणे. त्याने चावी फिरवली. क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि क्लच म्हणजे काय ते जैतूला ऐकून माहीत. बॅटरी उतरली, असे त्याने जाहीर केले व पाहुण्यांना धक्का मारायला सांगितले. अर्जदार ओट्यावर वाल निवडत होती. ती एवढेच म्हणाली, "जैतू, खाली बघ, पेडलं तीन हायत." जैतूने बघितले नाही, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते. धक्का बसला. घरापुढचा रस्ता उताराचा. गाडी पळू लागली तसा जैतूने सवयीप्रमाणे डावीकडचे पेडल दाबले. ऑटोमॅटिकमध्ये तिथे ब्रेक असायचा. आता तिथे क्लच. तो जीव खाऊन क्लच दाबत राहिला आणि गाडी सरळ त्याच्याच उकिरड्यात जाऊन बसली. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. चष्मा तेवढा सापडला नाही.

अर्जदाराने सूप खाली ठेवले, पदर खोचला, उकिरड्यात उतरली. जैतूला म्हणाली, "सर तिकडं." क्लच दाबून गाडी सुरू केली, मागचा गियर टाकला आणि एका दमात वर रस्त्यावर आणून उभी केली. मग सातही पाहुण्यांना तिने स्वतः मुरबाडला हळदीला पोहोचवले. जैतू मागे हौद्यात बसला होता. त्या दिवशी अर्जदाराला जे सुख झाले त्याला सरकारी मराठीत शब्द नसल्यास घरच्या मराठीत लिहावे असे ती म्हणते : काळजात गार पडलं.

१०) यावर जैतूने काय करावे? त्याने आपल्या कार्यालयाकडे निनावी तक्रार केली की अमुक महिलेने वाहनात बेकायदेशीर बदल केला. तक्रार निनावी असली तरी तिच्यात "वहिनी" असा शब्द दोनदा आला आहे, असे शिबिरातील कर्मचाऱ्यांनी हसत सांगितले. परवानगी आधी घ्यायला हवी होती, हा अर्जदाराचा दोष आहे. कायद्याचे कलम ५२ तिने आता हर्षालीकडून तीनदा वाचून घेतले आहे. दंड असेल तो ती भरील, तपासणी असेल ती देईल. पण नोटिशीत "मूळ स्थितीत आणावे" असे जे म्हटले आहे त्यावर तिला दोन शब्द बोलायचे आहेत. गाडीत ऑटोमॅटिक गियर परत बसला की पुढच्या सकाळी चावी जैतूच्या करगोट्याला जाणार आणि अर्जदार क्रेटवर. मूळ स्थिती ती हीच. एकट्या गाडीलाच मूळ स्थितीत का आणायचे? माझ्या गोठ्यातले दावे रिकामे आहे. त्याला कुणी नोटीस काढली का, असे अर्जदार विचारते.

११) आता जे घडले ते सांगताना अर्जदार दोनदा उठून पाणी पिऊन आली, म्हणून हा परिच्छेद लिहायला वेळ लागला. हाताला गाडी आल्यापासून ती बाजाराचा माल टाकून झाला की मुरबाड तालुक्यात चांद्याला शोधत फिरत होती. नोटीस यायच्या चार दिवस आधी तो सापडला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत धोंडी नावाच्या शेतकऱ्याकडे. माणूस भला. त्याने बैल रीतसर बाजारात घेतला, त्याचा काही दोष नाही. तो म्हणाला, "हा माझ्या औताला चालत नाय, हातानं भाकर खाईत नाय. न्या तुमी. जैतूनं बाजारात ज्याची तारीफ केली, तो त्याचा तांबडा गोऱ्हा मला द्या म्हंजे झालं."

अर्जदाराने चांद्याला लांबून ओळखले. त्यानेही ओळखले, कान टवकारले, दोन पावले पुढे आला. तिने पिकअपचे फळके पाडले, नाचणीची अर्धी भाकरी घेऊन हौद्यात चढली आणि "च्यो च्यो" केले. त्याबरोबर चांद्या मागे सरला. दावे ताणून, मान फिरवून, थरथरत उभा राहिला. अर्जदार खाली उतरून त्याच्याजवळ गेली तर त्याने तिच्या हातातली भाकरी हुंगली आणि तोंड बाजूला केले. दोन तास झाले, धोंडीने प्रयत्न केला, शेजारी आले. बैल गाडीजवळ येईना. अर्जदार रिकामी गाडी घेऊन परत आली. सबंध रस्ता गियर व्यवस्थित पडत होते, असे ती सांगते, आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हते.

जैतूने तिचा बैल नेला ते एक वेळ ती गिळील. तिची हाक नेली, ते ती गिळणार नाही.

१२) सबब, साहेबांना हात जोडून पुढीलप्रमाणे विनंती आहे :

(अ) गाडीची तपासणी करून हाताच्या गियरची नोंद करून द्यावी. काम चोख आहे.

(ब) तपासणी येत्या पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत ठेवावी. जैतूने निनावी तक्रार करण्याऐवजी नावानिशी यावे. म्हसोबाच्या देवळापासून बैलबाजाराच्या मैदानापर्यंत त्याने ही गाडी गर्दीतून चालवून दाखवावी. एकदाही बंद न पाडता त्याने ती नेली, तर अर्जदार तिथेच चावी त्याच्या हातात देईल, गियर स्वखर्चाने पूर्ववत करील आणि जन्मभर क्रेटवर बसेल. तसे ती लिहून देण्यास तयार आहे.

(क) आणि त्याला ते जमले नाही, तर त्याने आपला तांबडा गोऱ्हा दोरीला धरून म्हशाहून सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत पायी न्यावा, धोंडीकडे बांधावा, आणि चांद्याला तिथून मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शहापूर, खर्डी असा पायी घरी आणावा. गोऱ्ह्याला गाडीत चढवायचे नाही. त्या मुक्या जिवाने कुणाचे काही केलेले नाही. चांद्या तर चढणारच नाही. वाटेत जो कुणी विचारील की एवढा मोठा ड्रायव्हर बैल घेऊन चालत का निघाला, त्याला जैतूने खरे उत्तर द्यावे. असा हुकूम आपल्या अखत्यारीत येत नाही, हे लिहिणारीने अर्जदारास समजावून सांगितले. अर्जदार म्हणाली, "तू लिही. कागदावर साहेबाचा शिक्का पडला की जैतू चालतो. तो शिक्क्याला लय भितो."

(ड) हा हुकूम होईपर्यंत व पुरा होईपर्यंत गाडीचा गियर काढू नये. त्याचे कारण असे की, परतीच्या वाटेवर अर्जदार स्वतः ही गाडी घेऊन मागून येणार आहे. बैल बिचकणार नाही इतके अंतर राखून, पहिल्या गियरमध्ये, बैलाच्या चालीने. जैतू बसला की हॉर्न वाजेल. चांद्या बसला तर गाडी बंद करून ती खाली उतरेल, भाकरी घेऊन जवळ जाईल आणि तो खाईपर्यंत सगळे तिथेच थांबतील, मग दिवस मावळला तरी चालेल.

एवढी मेहरबानी व्हावी. नाही झाली तरी गियर काढायला देवराम मिस्त्री येणार नाही. त्याने तसे सांगितले आहे.

आपली नम्र, पण या एका बाबतीत वाकणार नाही अशी,

(सही) जनी धर्मा वेखंडे

लिहिणार : हर्षाली जैतू वेखंडे

लिहिणारीची टीप : खंड (क) प्रमाणे हुकूम झाल्यास लिहिणारीही वडिलांबरोबर सबंध वाट पायी चालणार आहे. अर्जदार नको म्हणाली, तुझा काय गुन्हा गो म्हणाली. लिहिणारी दारात उभी होती.

सोबत जोडले आहे :
१. नोंदणी पुस्तिका व अर्जदाराच्या परवान्याची प्रत
२. गियरबॉक्सची पावती व देवराम मिस्त्रीचे कामाचे पत्र
३. उकिरड्यातील गाडीचा फोटो, दोन प्रती (एक कार्यालयासाठी, एक नोटीस बोर्डासाठी)
४. धोंडी याचे अंगठ्यानिशी संमतिपत्र
५. जैतूच्या डाव्या गुडघ्याबद्दल हळदीत हजर असलेल्या अकरा बायकांच्या सह्यांचे निवेदन